वॉशरकाका आणि सातवा धबधबा

ज्या माणसाने एकतीस वर्षं गावभरचे गळके नळ बंद केले, त्याला कुणी धबधबा दाखवायला नेऊ नये. पण काकूंनी नेलं.

काकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. कुणाच्याही घरी गेले की ते नळाकडे लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, "वॉशर गेलाय." दहातल्या नऊ वेळा तो गेलेलाच असायचा. दहाव्या वेळी नसला तरी काका बदलून टाकायचे. "आज नाही तर उद्या जाणारच होता." अशाने त्यांचं नाव वॉशरकाका पडलं ते पडलंच. काकूंची सख्खी बहीणसुद्धा फोनवर विचारायची, "वॉशरभावजी जेवले का?"

काकांचे कान जन्माला येतानाच काही वेगळे आले होते. शेजारच्या घरात तिसऱ्या मजल्यावर थेंब पडला तर यांची झोप मोडायची. एकदा काकू त्यांना सिनेमाला घेऊन गेल्या. पडद्यावर नायक शेवटचा श्वास घेत होता, सगळं थेटर डोळे पुसत होतं, आणि काका खुर्चीतून उठले. काकूंना वाटलं, यांनाही भरून आलं असेल. काका थेट पुरुषांच्या मुतारीत गेले आणि तिथली वाहती टाकी दुरुस्त करून आले. तोवर नायकाचं सगळं आटपलं होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले नळ, कपाटात बिस्किटांच्या बरण्या आणि बरण्यांमध्ये मापानुसार वॉशर. एका कोपऱ्यात लहान टेबल, त्यावर फोन आणि फोनपाशी काकूंची खुर्ची. काका कामात वाघ होते, पण फोनवर त्यांची वाचा बसायची. समोरची बाई "अहो, पाणी पाणी झालंय हो!" म्हणून ओरडली की काका नुसते "हं… हं…" करत राहायचे. म्हणून फोन काकूंकडे होता. आणि काकू खुर्चीतून न हलता निम्मा धंदा सांभाळायच्या.

"कुठून येतंय? सांध्यातून की तोटीतून? बरं. आधी मेन चावी बंद करा. सापडत नाही? जिन्याखाली बघा. जिन्याखालीच असतं सगळं. मिळाली? आता खाली बादली ठेवा आणि शांत बसा. माणूस येतोय."

काकूंच्या डोक्यावर भिंतीला एक कॅलेंडर होतं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीचं. वर डोंगरदरीतल्या एका धबधब्याचं चित्र. कॅलेंडर सोळा वर्षं जुनं होतं, पण काकूंनी ते उतरवलं नव्हतं. ते टांगलं त्या वर्षी काका म्हणाले होते, "त्या दरीत सहा धबधबे आहेत म्हणे. पुढच्या सुट्टीला जाऊ." ती पुढची सुट्टी अजून पुढेच होती. दर वेळी कुणाची तरी टाकी फुटायची.

मग काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटो काढले, उजेडात धरून पाहिले आणि दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची पुढच्या महिन्यातली तारीख दिली. "त्यानंतर पायऱ्या जपून," ते म्हणाले, "आणि ओल्या दगडांचं तर नावच काढू नका."

त्या दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, "मला ऑपरेशनच्या आधी धबधब्याखाली उभं राहायचंय."

"बघून येऊ की," काका म्हणाले.

"बघायचं नाही. बघतेय मी सोळा वर्षं. उभं राहायचंय. डोक्यावर पाणी पडलं पाहिजे."

"अगं, मग बाथरूममध्ये चांगला नऊ इंची शॉवर बसवतो ना! उद्याच्या उद्या…"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी उरलेलं जेवण खाली मान घालून संपवलं.

अटी काकूंनी घातल्या. दोन दिवस. फोन घरी. हत्यारांची पिशवी घरी. आणि वाटेत कुणाच्याही नळाला, पाईपला, टाकीला हात लावायचा नाही.

"चुकून लागला तर?"

"तर ऑपरेशन झाल्यावर मी दीड महिना बहिणीकडे राहणार. फोन तुम्ही घ्यायचे."

काकांच्या अंगावर काटा आला. "नाही लावत," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

बसमध्ये काकूंनी तोंड पुसायला टॉवेल मागितला. तो हातात घेताच त्यांचा हात खाली गेला.

"अहो, हा टॉवेल एवढा जड कसा?"

"जाड कापड आहे."

काकूंनी घडी उलगडली. आत चौदा इंची पाईप-पान्हा निघाला.

"हा काय?"

"सवयीने आला," काका म्हणाले, जणू पान्हाच स्वतःचं तिकीट काढून बसमध्ये चढला होता.

काकूंनी पान्हा आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. पर्सचा पट्टा करकरला. काकू खिडकीबाहेर बघत बसल्या, काका पर्सकडे बघत बसले.

दरीच्या तोंडाशी त्यांना एक वाटाड्या भेटला. उंच, सडपातळ, लाल टोपी घातलेला, हातात छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती, धबधबे दाखवण्यासाठी होती. "या काका, या काकू! राहायला आमचंच लॉज आहे, बायको बघते. आणि धबधबे मी बघतो."

पहिला धबधबा एकशेऐंशी पायऱ्या खाली होता. काकू पस्तिसाव्या पायरीवर बसल्या. "तुम्ही जाऊन या. मला इथून दिसतोय." दिसत होता खरा, झाडांच्या फटीतून, बोटभर.

काका खाली पोचले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढं पाणी एकदम, न थांबता, कुणाच्याही परवानगीशिवाय पडताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचा उजवा हात आपोआप हवेत फिरायला लागला. तो चावी शोधत होता.

"सगळं वाया," ते पुटपुटले.

"वाया नाही काका," वाटाड्या म्हणाला. "खाली कुंडात जातं."

"आणि तिथून?"

"पुढच्या कुंडात."

"आणि तिथून?"

"दुसऱ्या धबधब्यात."

"म्हणजे वायाच."

दुसऱ्याला दोनशेचाळीस पायऱ्या होत्या आणि शेवटी लोखंडी शिडी. काकू वरच्या बाकड्यावरच बसल्या. काका एकटे उतरले. खाली हिरवंगार कुंड होतं, इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. पोरंपोरी दगडांवरून उड्या मारत होती. काकांनी पाय बुडवले, तर बारीक मासे येऊन टाचा कुरतडायला लागले. गुदगुल्या झाल्या. आपण हसतोय हे काकांच्या उशिरा लक्षात आलं, आणि लगेच वर बाकड्यावर बसलेल्या काकू आठवल्या. मग त्यांनी पाण्याची बाटली रिकामी केली, कपडे भिजेपर्यंत धारेत हात घातला आणि जिथे पाणी पडत होतं अगदी तिथूनच बाटली भरून घेतली.

दोनशेचाळीस पायऱ्या चढून ते धापा टाकत वर आले. "हे… घे."

काकूंनी बाटली उजेडात धरली. "वा. बाटलीतला धबधबा. आता हा काय डोक्यावर ओतून घेऊ?"

काकांनी खरोखरच झाकण फिरवलं.

"अहो! इथे नको, लोक बघतायत!" काकू हसल्या. पण तेवढ्यात खालून दोन मुली आल्या, केसांतून पाणी गळत होतं, अंगात कुडकुड आणि तोंडभर हसू. त्या निघून गेल्या तरी काकू त्यांच्या ओल्या पावलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उशीर झाला हो आपल्याला यायला. पाच-सहा वर्षांचा."

 काकांनी झाकण परत घट्ट लावलं. जरा जास्तच घट्ट.

वाटाड्याने हे सगळं पाहिलं. तो जवळ येऊन आवाज उतरवून म्हणाला, "काकू, सातवा बघणार?"

"सहाच आहेत ना?"

"सहा जुने. सातवा नवा आहे. तीन वर्षांपूर्वी प्रकट झाला. एक पायरी नाही. लॉजच्या मागे सरळ पाच मिनिटं चालायचं."

"धबधबा नवा कसा होईल?" काका म्हणाले.

"निसर्ग आहे काका. तो काय आपल्याला विचारून करतो? फक्त जरा लाजरा आहे. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते सहा, एवढाच येतो. एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, दगड तापतो आणि निवतो, त्याचा परिणाम. आणि तिथे आवाज करायचा नाही हं. गेल्या महिन्यात एक पाहुणे शिंकले, तर आलाच नाही दिवसभर."

त्या दिवशी सगळ्या दरीत वीज गेली होती. पण शिंक आणि वीज यांचा संबंध जोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

लॉज दुमजली होतं, डोंगराच्या कुशीत टेकलेलं. वाटाड्याची बायको दारातच भेटली, दोन्ही हातांत दोन बादल्या. तिने मानेनेच "या, बसा" केलं आणि जिना चढायला लागली. बावीस पायऱ्या. काकांनी त्या न बघता मोजल्या, पाण्याच्या हिंदकळण्यावरून. बाई खाली आली, पुन्हा भरल्या, पुन्हा चढली.

"वर पाणी नाही का?" काकूंनी विचारलं.

"तीन वर्षं नाही. मोटर दोनदा लावते, दोन-दोन तास. तरी गच्चीवरची टाकी भरत नाही. खाली थेंबथेंब येतं, वरच्या खोल्यांना तेही नाही. मोटर बदलून झाली, गवंडी आणून झाला. आमचे हे म्हणतात, डोंगरावर हवा विरळ असते, पाण्याला दम लागतो."

"पाण्याला दम!" काकांच्या तोंडून निघालं.

"अहो," काकू म्हणाल्या. नुसतं "अहो". 

जेवताना काकांचं ताटात लक्ष नव्हतं. त्यांच्या खुर्चीमागून टाकीकडे जाणारा पाईप गेला होता, दीड इंची, लोखंडी. हात लावायचा नाही हे ठरलं होतं, पण चमचा लावायचा नाही असं कुठे ठरलं होतं? त्यांनी चमच्याचं टोक हळूच पाईपला टेकवलं आणि दांडा कानाला लावला.

"काका, चमच्याने काय ऐकताय?" लॉजवाल्या बाईने विचारलं.

काकूंनी पर्स टेबलावर ठेवली. ठणकन आवाज झाला. काकांनी चमचा खाली ठेवला आणि भात कालवायला लागले.

थोड्या वेळाने बाईने घड्याळ पाहिलं. "अगंबाई, चार वाजले, मोटर लावायला हवी." त्याच वेळी दारातून वाटाड्या ओरडला, "चला काका, चला काकू, चार वाजले!" एक पुढच्या दाराने गेली, दुसरा मागच्या. काकांना वाटलं, काय जोडा आहे! तीन वर्षं यांची भेट तरी होते का?

लॉजमागे वाट एका कातळाला वळसा घालून जात होती. कातळाखाली बारा-पंधरा फूट रुंद कुंड, कडेला मऊ शेवाळ, वर झुडपांची दाट झालर. एक रंगवलेली पाटीही होती: "लाजरा धबधबा. ७ ते ९, ४ ते ६. कृपया शांतता राखा." तिथे आणखी पाच-सहा जण बसले होते, सगळे काकूंच्याच वयाचे किंवा पुढचे. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. सगळे परीक्षेला बसल्यासारखे गप्प.

वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं.

मग वर झुडपांत काहीतरी खोकलं. खॉक. पुन्हा खॉक-खॉक. फुस्स करून वारा सुटला. तांबूस पाण्याची एक पिचकारी उडाली, आणि पाठोपाठ स्वच्छ, पांढरी, भरगच्च धार कातळावरून खाली कोसळली.

सगळ्यांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

काकांनी वाजवल्या नाहीत. तो खोकला त्यांनी आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता. पाईपमध्ये हवा अडकली की नळ असाच खोकतो. त्यांनी नाक वर करून वास घेतला. पाणी शुद्ध करायच्या पावडरीचा वास. धारेचा आवाज ऐकला, तर तिच्यात मोटरची बारीक थरथर होती. आणि कुंडातून वाहून जाणारं पाणी कुठे जात होतं? बारक्या ओढ्याने लॉजच्या खालच्या टाकीत. म्हणजे तेच पाणी तीन वर्षं गोल गोल फिरत होतं. मोटर ते वर चढवत होती, वर कुठलातरी फुटका सांधा ते सोडून देत होता, पाहुणे त्याला हात जोडत होते, आणि ते खाली जाऊन पुन्हा मोटरीच्या तोंडाशी रांगेत उभं राहत होतं!

"अगं…" असं म्हणत काका काकूंकडे वळले.

काकू तिथे नव्हत्या. त्या कुंडात उतरल्या होत्या, चपला काठावर काढून, पर्स काठीवाल्या आजोबांकडे सोपवून. गुडघाभर पाण्यात सावकाश पावलं टाकत त्या धारेपाशी पोचल्या, क्षणभर थांबल्या आणि आत शिरल्या. पाणी धबाधबा डोक्यावर पडायला लागलं. केस सुटले. काकू तोंड वर करून, डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि मग हसायला लागल्या. शांतता राखा म्हणणाऱ्या पाटीसमोर मोठमोठ्याने. धबधबा घाबरून पळाला नाही.

काकांनी तोंड मिटलं. त्यांनी काकूंना असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं? लग्नाच्या वर्षी असेल. 

पण गळती ऐकून स्वस्थ बसणं काकांना कधी जमलं नव्हतं. काकू खोलीत केस पुसत गुणगुणत होत्या, आणि बाहेर जिन्यावर बादल्या चढत होत्या. एक. दोन. काका कानांवर उशी दाबत होते. एक चिरलेला सांधा. वीस मिनिटांचं काम. ते केलं की बाईच्या बादल्या बंद. पण मग धबधबाही बंद. उद्या सकाळी सातला काकू पुन्हा जाणार होत्या, आत्ताच म्हणाल्या होत्या, "उद्या जरा जास्त वेळ उभी राहीन. पुढे काय माहीत." आणि अट वेगळीच. सगळ्या बाजू त्यांना कळत होत्या, फक्त चावी कुठली फिरवायची ते कळत नव्हतं.

सकाळी सहाला काका उठले आणि मांजराच्या पावलांनी कातळापाशी गेले. फक्त बघायला. झुडपं धरून वर चढले. मोटरीकडून कातळावरून फिरून गच्चीकडे जाणारा पाईप होता, नेमका जिथे असायला हवा तिथे, नेच्यांनी झाकलेला. सांध्यावर शेवाळाची टोपी. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, न जाणो एखादा सुटायचा, आणि वाकून पाहिलं.

"कपलिंग गेलंय की पाईपच?" खालून आवाज आला.

"कपलिंग," काकांनी सवयीने उत्तर दिलं. "उभं चिरलंय." आणि मग दचकून खाली पाहिलं.

काकू कुंडाच्या काठावर उभ्या होत्या, पर्स खांद्याला.

"हात लावला नाही हं! हे बघ, दोन्ही मागे आहेत!"

"दिसतंय."

"तुला… कधी कळलं?"

"पहिल्या खोकल्याला. तीस वर्षं बायका मला फोनवर सांगतायत, नळ आधी खोकतो आणि मग पाणी येतं. शिवाय पावडरीचा वास."

"मग काल बोलली का नाहीस?"

"भिजत होते. भिजताना कुणी बोलतं का?"

"पण खोटाच निघाला ना गं धबधबा."

"पाणी खोटं होतं का? गार होतं. वरून पडत होतं. माझ्या डोक्यावर पडत होतं. मला अजून काय हवं होतं?" काकू एका दगडावर टेकल्या. "मी बघत होते, तुम्ही बोलता का. नाही बोललात. जीव जात होता तुमचा, तरी नाही बोललात."

 काका नेच्याचं एक पान उगाच सरळ करत राहिले.

"काल त्या बाईने किती बादल्या वर नेल्या?" काकूंनी विचारलं.

"सोळा."

"आणि पायऱ्या?"

"बावीस."

"म्हणजे दहा वर्षांनी तिचे गुडघे माझ्यासारखे." काकूंनी पर्सची चेन उघडली आणि पान्हा बाहेर काढला. "हा घ्या. कालपासून खांद्यावर बसलाय मेला."

"अगं, पण अट?"

"अट माझी होती. मोडली तर मीच मोडली."

"पण आता जोडलं की सातला हा येणार नाही. तू जास्त वेळ उभी राहणार होतीस."

"माझं भिजून झालं," काकू म्हणाल्या.

इतर कुणाला यात काही ऐकू आलं नसतं. पण काकांचे कान वेगळे होते. त्या तीन शब्दांत कुठेतरी बारीक गळत होतं. काका पान्हा हातात घेऊन पाईपकडे बघत राहिले. एकतीस वर्षं त्यांनी पाणी फक्त थांबवलं होतं. एका टोकाचं दुसऱ्याला जोडायचं आणि मधे थेंब पडू द्यायचा नाही, एवढंच. पण या सांध्याला तीन तोंडं असली तर?

"अगं," ते म्हणाले, "मला एक टी हवा, तीन तोंडांचा. आणि एक चाकाचा व्हॉल्व्ह."

"जिन्याखाली बघा," काकू म्हणाल्या. "जिन्याखालीच असतं सगळं."

आणि होतं. गवंड्याने तीन वर्षांपूर्वी टाकून दिलेला पत्र्याचा डबा, त्यात दीड इंची टी, दोन तुकडे पाईप आणि लाल चाकाचा जुना व्हॉल्व्ह, गंजलेला पण आटे शाबूत. लॉजवाल्या बाईला काकूंनी समजावलं. ती आधी समजली नाही. मग समजली, आणि मटकन पायरीवर बसली.

"म्हणजे यांचा तो सातवा… म्हणजे माझं पाणी?"

"तुम्ही कधी पाहिला नाही तो?"

"मला कुठे वेळ काकू? चार ते सहा मी पाणी भरत असते!"

सातला पाच मिनिटं असताना वाटाड्या चार पाहुण्यांना घेऊन आला. ओठांवर बोट ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत तो कातळाला वळसा घालून पुढे झाला, आणि त्याने पाहिलं, तर धबधब्याच्या माथ्यावर वॉशरकाका उभे, तोंडात आट्यांना गुंडाळायचा दोरा, हातात चौदा इंची पान्हा.

"काका! काय करताय? तो बुजेल ना!"

"टी बसवतोय," काका म्हणाले.

"धबधब्याला?"

"पाईपला," मागून त्याची बायको म्हणाली. ती त्याच्यामागेच येऊन उभी होती, आणि तीन वर्षांत प्रथमच तिच्या हातात बादली नव्हती. "माझ्या पाईपला. विरळ हवा, काय? पाण्याला दम लागतो?"

वाटाड्याने पाईपकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. त्याची लाल टोपी हळूहळू हातात आली.

"प्राध्यापक म्हणाले होते…" तो म्हणाला.

"त्या प्राध्यापकांना सोळा बादल्या उचलायला बोलाव."

पाहुण्यांनी अजून ओठांवरची बोटं काढली नव्हती. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं त्यांना वाटत होतं.

मोटर लागली. पाणी न खोकता, सरळ, पाईपच्या पोटातून वर गेलं. धबधबा आला नाही. पाऊण तासाने लॉजच्या गच्चीवरून टाकी भरून वाहिल्याचा आवाज आला आणि वरच्या मजल्यावर एक नळ, जो कधीतरी उघडा राहिला होता, आपला आपण सुरू झाला. बाईने तो आवाज उभ्याने ऐकला. मग म्हणाली, "आठला दहा कमी आहेत. आणि माझं पाणी भरून झालं." जणू तिला कुणीतरी नवा दिवस हातात दिला होता आणि त्याचं काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

"आता हे फिरवा," काका वरून म्हणाले आणि लाल चाकाकडे बोट दाखवलं. "डावीकडे."

"कोण, मी?"

"पाणी तुमचंच आहे."

तिने चढून चाक धरलं आणि डावीकडे फिरवलं. धार कातळावरून सुटली, कालच्याहून जोरात, कारण आता ती सांध्याच्या चिरेतून नव्हे तर अख्ख्या तोंडातून येत होती. बाई खाली उतरली आणि तीन वर्षं आपल्याच घरामागे असलेला धबधबा पहिल्यांदा पाहिला. मग काकूंनी तिचा हात धरला आणि दोघी धारेच्या आत गेल्या.

वाटाड्या काठावर बसला. "आता लोकांना काय सांगू काका? खोटं तर बोलवणार नाही."

"खरं सांग. चावीचा धबधबा आहे."

"कोण येईल चावीचा धबधबा बघायला?"

गुडघ्याला पट्टा लावलेल्या एका पाहुण्या बाईंनी शेवटी ओठांवरचं बोट काढलं. "मी येईन," त्या म्हणाल्या. "पायऱ्या नाहीत ना?"

त्यावर वाटाड्याने बराच विचार केला. मग पाटीजवळ गेला आणि "लाजरा" या शब्दावर ओल्या मातीचा बोळा फासला. पुढे त्याने तिथे "बिनपायऱ्यांचा" असं रंगवलं. शांततेची ओळही काढून टाकली, कारण शांत राहायला आता कुणी तयारच नव्हतं.

निघायची वेळ झाली. लॉजवाल्या बाईने जाऊन चाक उजवीकडे फिरवलं, धबधबा थांबला. काकूंचे केस अजून ओले होते. दोघं पिशव्या घेऊन वाटेला लागली, आणि दहा पावलं जाताच काका थबकले.

टप.

काका वळले. टप. कातळाच्या टोकावरून एक थेंब सुटत होता, मग जरा वेळाने दुसरा.

"वॉशर गेलाय," काका म्हणाले. "व्हॉल्व्हचा. जुनाच होता ना. पान्हा दे, दोन मिनिटांत…"

काकूंनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली, काकांपासून लांबच्या. "अहो, धबधबा आहे तो. त्याला थोडं गळायला नको?"

काका उभे राहिले. थेंब पडला. त्यांचा उजवा हात हवेत किंचित फिरला. काकूंनी तो पकडला, उतारावर आधाराला लागतोच म्हणून, आणि सोडला नाही.

काका चालायला लागले. बसथांब्यापर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिलं. बसमध्ये बसल्यावर पाचेक मिनिटांनी म्हणाले, "अजून पडतोय."

"इथवर ऐकू येतंय?"

"नाही," काका म्हणाले. "पण पडतोय."

"पडू दे," काकू म्हणाल्या, आणि ओलं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवून झोपी गेल्या. काकांचा सदरा हळूहळू भिजत गेला. घर येईपर्यंत ते हलले नाहीत.